बावीसचं बेरिंग

कामरगावात माझ्या मित्रात आणि माझ्यात मिळून एकच बीएमएक्स होती. अक्कलही बहुतेक दोघांत मिळून एकच असावी, कारण तो नोकरीसाठी पुण्याला निघाला तेव्हा आम्ही ती सायकल चक्क वाटून घेतली. चौकट आणि चाकं माझ्याकडे. क्रँक, म्हणजे पायडलचे दोन्ही हात आणि त्यांना जोडणारा दांडा, त्याच्याकडे. एकट्यानं कुणी चालवायची नाही, असा करार. बस सुटताना त्यानं खिडकीतून क्रँक दाखवला, मी पोट धरून हसलो. मग सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यापाशी बसून रडलो, हेही सांगूनच टाकतो.

तो दिवाळीला यायचा, एका रात्रीपुरता, आणि क्रँक दरवेळी विसरायचा. मला तर अजून मागच्या चाकाच्या खुंट्यांवर उभं राहून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून शाळेच्या मैदानाला चकरा मारायच्या होत्या. यंदा मात्र डोकं फिरलं. मी नवा क्रँक मागवला.

बसवून पाहिला तर दांडा बेरिंगात खुळखुळायला लागला. तेव्हा कुठे उजेड पडला, की बेरिंगाला दोन मापं असतात. बाहेरचं चौकटीच्या नळीत घट्ट बसतं, आतलं दांड्याला धरतं. आमची नळी ‘मिड’ मापाची, तिथं काही अडचण नव्हती. पण नवा दांडा एकोणीस मिलिमीटरचा आणि बेरिंगाचं भोक बावीसचं. इतकी वर्षं माझ्या घरात मित्राच्याच मापाची जागा रिकामी पडून होती.

कारंज्याचा सायकलवाला म्हणाला, “एवढं तोंड कायले पाडून राह्यला? एकोणीसचे बेरिंग टाकू. भायेरचं माप तेच हाये.”

काम सोपं होतं. पण मग मित्राच्या क्रँकला जागा उरत नव्हती. मी दुकानाबाहेर येऊन त्याला फोन लावला.

“तुह्या दांड्याचं माप काय बे?”

“बावीस,” तो लगेच म्हणाला. त्याला आठवत होतं! मला उगाच बरं वाटलं. “कायले रे?”

“असंच. क्रँक हाये ना तुह्यापाशी?”

“मागं रूम बदलली ना, तवा थो तिथंच राह्यला. तुले सांगाचंच व्हतं.”

“जाऊ दे,” मी म्हणालो. “गंजलाच असता.”

आत जाऊन मी जुनी बेरिंगं काढायला सांगितली. सायकलवाल्यानं नळीत ठोकायचा पंच धरून हातोडी उचलली.

“हळू,” मी म्हणालो.

“अरे, जुनं बेरिंग हाये. फुटलं तं फुटलं, फेकाचंच हाये.”

“तरी हळू मारा,” मी म्हणालो आणि खाली हात धरला.