कानानं केलेली खूण

तार सकाळी सांगलीच्या शेडमध्ये आली. हवालदार नाना रहिमतपूरला, आपल्या गावी वारले होते. घरचे दुपारपर्यंत आमची वाट पाहणार होते. मी लगेच कामाला लागलो. कोण येणार, कुठं बसणार, पेट्रोल किती, हार कोण आणणार, सगळं कागदावर मांडलं आणि अर्ध्या तासात आठ माणसं ट्रकवर चढवली. निघणार, तोच गाडी चालवणारा शंकर खाली उतरला आणि चाकाशी वाकला.

नाना दुसऱ्या महायुद्धात इजिप्तच्या वाळूत लष्कराचे ट्रक दुरुस्त करत होते. लढाई संपल्यावर त्यांनी सांगलीत शेड टाकली. तिथं चार पोरं जमली. त्यांना शर्यतीची मोटार हवी होती आणि खिशात काही नव्हतं. भंगारातला जुना सांगाडा, लष्करी लिलावातलं इंजिन, गुळाच्या काहिलीचा पत्रा... नाना शिकवत गेले, मोटार उभी राहिली. शंकर त्यातला सगळ्यात हुशार. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या कोठीवर सुटे भाग सांभाळायचो, म्हणून गाडी सोडण्याआधी तपासायच्या भागांची यादी माझ्याकडे. रीत नानांनी घालून दिलेली: मी एकेक भाग वाचायचा, ज्याचं काम त्यानं त्या भागाला हात लावून "हाय" म्हणायचं, मग मी खूण करायची.

मिरजेपलीकडच्या माळावर साताऱ्याच्या पोरांशी शर्यत ठरली. दोन फर्लांग, सरळ रेघेत. आमच्या सर्व्हिसचे मालक बघायला आले होते. शंकरचं काम पसंत पडलं तर त्याला मिस्त्री म्हणून घेणार होते. त्याच्या घरी पाच माणसं त्या नोकरीकडं डोळे लावून होती.

शर्यत सुटायच्या आधी मी यादी भराभर वाचत होतो. "ब्रेकच्या दांडीची पिन?"

"हाय!" शंकर स्टिअरिंगमागून ओरडला. मी खूण केली.

नाना गुडघे टेकून गाडीखाली हात घालत होते. "कुठं हाय रं?"

शंकरनं खिशातून पिन काढली. "ही काय, हाय की! बसवतो आता."

पोरं खो खो हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

"आवं नाना, एका मिंटाचं काम हाय."

"आनि दुसरं काय काय खिशात हाय, ते कवा कळायचं? सगळी गाडी उघडून बघायची. आज पळायची न्हाई."

साताऱ्याच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, "सांगलीकर, ढकलत न्या गड्या!" मालक निघून गेले. शंकर नानांच्या अंगावर धावून गेला, "माझ्या पोटावर पाय दिलासा तुमी!" म्हणाला आणि तिथंच मातीत बसून रडला. नानांनी त्याला रडू दिलं. मग माझ्याकडं वळले. "अण्णा, त्याचं वय हाय. तुमी मातूर कानानं खूण केलीसा."

एवढंच. मी यादीवरची ती खूण खोडली.

दुसऱ्या दिवशी नाना शंकरला नोकरीत घ्या म्हणून सांगायला मालकांकडं गेले. मालकांनी नाही म्हटलं. तेव्हा नानांनी शंकरला आपल्याच शेडमध्ये ठेवून घेतलं. तो पहिले कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता, फक्त काम करायचा. डबा मात्र दोघांचा एकच असायचा... पुढं छातीचं दुखणं वाढलं, नाना गावी गेले. शेड शंकरकडं राहिली.

तर त्या सकाळी तो चाकाशी वाकला होता. मी दोनदा घड्याळ दाखवलं. "शंकर, दर्शन चुकेल."

"ब्रेकची दांडी सैल लागतीय. उतरा समदी."

हार हातात धरून आठ माणसं पाऊण तास रस्त्याकडेला उभी राहिली.

रहिमतपूरला पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. जाळ उतरत आला होता. नानांचे थोरले भाऊ नदीकाठी दगडावर बसले होते. शंकर त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"लय उशीर केलास रं. वाट बगून बगून शेवटी दिला अग्नी."

शंकरनं वंगणानं काळे झालेले हात पुढं धरले. "ब्रेक नीट करत हुतो."

म्हातारा त्या हातांकडं बघत राहिला. मग दगडावर सरकला आणि शंकरला शेजारी बसवून घेतलं.