आमच्या ट्रकचा धूर

देवासच्या आमच्या घरात सासऱ्यांपासून सगळे नोकरदार. एकट्या आमच्या ह्यांनी ट्रक घेतला आणि पीपलरावां गावचं सोयाबीन वाहण्यात जन्म काढला. मी त्या ट्रकला सवत म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि हे नुसते हसायचे.

ह्यांना रात्रीचं नीट दिसेनासं झालं तेव्हा ट्रक विकायचं ठरलं. नालछ्याचा एक ओळखीचा ड्रायव्हर घ्यायला तयार होता, पण धुराच्या तपासणीत गाडी पास झाली तरच. नापास झाली तर भंगारवाल्याला द्यायची. भंगाराचं नाव निघालं की हे ताटावरून उठून जायचे. मला चीड यायची, लोखंडच ना ते शेवटी! पण अर्धी पोळी तशीच टाकून गेलेला माणूस बघितला की चीड टिकते थोडीच?

तपासणीला मीही गेले, ह्यांना एकटं सोडायचा धीर होईना. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, "बाबूजी, रेस पूरी दबाओ, एकदम." ह्यांनी दाबली, तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालावं तशी. मशीन काही मोजेना. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ज्याने जन्मात कधी गाडी रेटून चालवली नाही, त्याचा पाय उभ्या गाडीला ओरडायला लावायला धजेना. मागे गाड्यांची रांग लागली. तो माणूस कंटाळून म्हणाला, "फेल लिख दूँ क्या?"

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, पायरीवर चढले, ह्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा खाली दाबला.

इंजिन असं काही गरजलं की मीच दचकले. मागून काळाकुट्ट लोट निघाला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. झालं, मीच घातली गाडी भंगारात, असं वाटलं मला. पण तो माणूस म्हणाला, "फिर से, माताजी. बरसों की कालिख है, निकलने दो." आम्ही दोघं मिळून दाबत राहिलो आणि धूर विरळ होत गेला. गाडी पास झाली. इतकी वर्षं जपून जपून चालवून ह्यांनीच तिच्या पोटात काजळी साठवली होती.

पुढच्या आठवड्यात नालछ्याचा ड्रायव्हर आला. आता हे त्याला गाडी हळू चालव म्हणून सांगणार, असं मी धरूनच चालले होते. हे किल्ली त्याच्या हातात देऊन म्हणाले, "भिया, खाली सड़क मिले तो कभी कभी पूरा दबा देना. मुझसे नहीं हुआ."

ट्रक वळणाआड गेला तेव्हा मला रडू आवरलं नाही, आणि हे मलाच समजावत बसले.