आतोबांचा निळा

आमच्या आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, एका जागी बसून अख्खा चहा पिताना पाहिलेला माणूस अजून जन्मायचा आहे. पहिला घोट उस्मानपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर, तर शेवटचा मागच्या अंगणात, मीन्याच्या भट्टीपाशी. दागिन्यावरच्या कोरीव खाचांत रंगीत काचेची पूड भरायची आणि आगीत वितळवून बसवायची, हे वेड त्यांना गुलमंडीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून लागलं. पोटासाठी ते वाळूजला कंपनीत जात, तिथंही रंगखात्यातच. स्कूटरच्या पत्र्यावर नख वाजवून ‘कच्ची भाजली’ म्हणत, आणि पाहुण्या बायकांच्या बांगड्यांनाही तोच निकाल देत. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना वारा पडल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. वारा पडला की भट्टी एकसारखी धगते. आतोबा गळ्यातल्या फडक्यासकट घराकडे पळत सुटले, मागून वस्तरा घेऊन न्हावी. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, रोज कुठं ना कुठं बंद नाहीतर दगडफेक. ही वरात पाहून दोन दुकानदारांनी शटरं खाली ओढली.

त्याच दिवसांत त्यांच्या एकुलत्या लेकीचं, आमच्या ताईचं लग्न ठरलं. तिनं बापाकडे एकच मागितलं, निळ्या मीन्याचं पदक. आतोबांनी पूड वाटली, भाजली, खरवडली, पुन्हा भाजली. शेवटी असा निळा उतरला की भट्टीला सवत म्हणणारी आत्याही बघत राहिली.

सुपारीच्या दिवशी मुलाच्या काकांनी पदक हातात घेतलं. निळा म्हणजे नामांतराच्या मोर्चांचा रंग. काका म्हणाले, “हे आमच्यात नाय चालायचं. उद्या गाव इचारंल, सून कुठली आणली.”

आतोबा उठले, बसले, परत उठले. कंपनीतले त्यांचे जिवाभावाचे सोबती त्याच मोर्चांत होते. त्यांच्या डब्यातली भाकरी आतोबा रोज खायचे. मला वाटलं, आता हे काकांना सुनावणार. ते म्हणाले, “बदलतो की. लाल करून देतो.” मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली. लेकीचं लग्न मोडेल या भीतीनं माणूस काय काय गिळतो.

निळा खरवडून त्यांनी लाल भरला. लाल मोठा नाजूक, जरा धग वाढली की काळवंडतो. पण पहिल्याच खेपेला झकास उतरला आणि मांडवात सगळ्यांनी वाहवा केली. पाठवणीला ताई पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, “बाबा, मला इचारायचं तरी.”

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, काका गेले, आतोबा निवृत्त झाले. अंगणातली भट्टी मात्र चालूच आहे. निळा भाजतात, उजेडात धरतात, खरवडून टाकतात. ताई माहेरी आली की म्हणते, “बाबा, द्या ना आता, कसाबी असू द्या.” तिनं त्यांना केव्हाच माफ केलंय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आतोबा भट्टीकडं वळतात. “थांब गं. तसा नाय उतरला अजून.”