आधी परतीचं बोला

सेफ्टीभाऊ कुणाच्याही लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी बाहेर पडायचं दार बघत. दुबईत ऊद मेथाच्या हॉलमध्ये गणपतीची आरती ऐन रंगात आली असताना त्यांनी भटजींना हळूच विचारलं होतं, "ते मागचं दार आतून उघडतं ना?" भटजींनी आरती न थांबवता मान हलवली, तेव्हा कुठे भाऊंनी टाळी धरली.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइपच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. मी तिथेच परचेसमध्ये, आणि राहायलाही अल मजाजच्या त्याच टॉवरमध्ये, त्यांच्या दोन मजले खाली. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या गाडीतून जाणं आणि वाटेत उपदेश ऐकणं माझ्या नशिबी होतं. गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावलेली. सहल वाळवंटात असो की समुद्रावर, कुणी "यल्ला, निघू या" म्हटलं की भाऊ हात वर करत. "आधी परतीचं बोला." परत फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरायची, आणि ती झाली की पुढे सोन्याची खाण दिसली तरी फिरायचं. पोरं वैतागायची, मीही वैतागायचो.

त्यांची मुलगी मुक्ता शारजात वाढली, शिकायला अमेरिकेत गेली आणि टेक्ससमध्ये नोकरीला लागली. तिथे तिला शिकारीचा नाद लागला. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना तिचा फोन आला. "बाबा, आय गॉट द टॅग!"

टॅग म्हणजे शिकारीचा परवाना. कोलोरॅडोच्या डोंगरात खेचरासारख्या लांब कानांचं एक मोठं हरीण असतं, म्हणून त्याला म्यूल डिअर म्हणतात. परराज्यातल्या माणसाला त्याचा परवाना सोडतीत नंबर लागला तरच मिळतो. आणि शिकार करायची ती मोकळ्या सरकारी जमिनीवर, वाटाड्या नाही, रखवालदार नाही.

वहिनी शाकाहारी. "त्या हरणाने तुझं काय घोडं मारलंय गं?" एवढं म्हणून त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

भाऊंनी एकच विचारलं, "मारलंस, तर खाली कसं आणणार?"

"ऑन माय बॅक, बाबा. टू ऑर थ्री ट्रिप्स."

"एकटी?"

"सो कम विथ मी."

भाऊंनी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. तरी फोन ठेवताना म्हणाले, "ठरलं. बंदूक तिची, ओझं माझं." पोरगी ऐकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिला एकटीला त्या डोंगरात सोडणं त्यांच्याच्याने झालं नसतं.

मग जेवणाच्या टेबलावर जेवणं बंद झाली. तिथे लॅपटॉप आणि नकाशे आले. मुक्ता फोनवर हरणं कुठे चरतात ते सांगायची, आणि भाऊ तिथून गाडीपर्यंतची वाट शोधायचे. संध्याकाळी पाठीवरच्या बॅगेत बासमतीची गोण घालून टॉवरचे जिने चढायचे. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला. "साब, लिफ्ट चालू है."

"मालूम है," भाऊ म्हणाले आणि पुढच्या मजल्याला लागले.

ऑक्टोबर लागताच आम्ही एका पहाटे रास अल खैमाच्या डोंगरात सरावाला गेलो. मला हौस नव्हती, पण वहिनींनी डोळ्यांनीच सांगितलं होतं की यांना एकटं सोडू नका. फिरायची वेळ नऊ. ऊन चढायला लागलं. निम्म्या चढावर भाऊ थांबले आणि छातीवर हात ठेवून मटकन दगडावर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी बॅगेचे पट्टे सोडवले, पाणी पाजलं, फोन काढला तर रेंज नाही. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यांचा श्वास ऐकत मी बसून राहिलो. इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "चल, वेळ झाली."

"भाऊ, अजून नऊ वाजले नाहीत," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"माझी झाली." मग खाली उतरताना, माझा खांदा धरून म्हणाले, "तिथे मी पडलो, तर पोरगी हरीण उचलेल की मला?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि उंचावर जायला साफ मनाई केली. भाऊंनी माझ्यासमोरच मुक्ताला फोन लावला. "मी येत नाही. पण एकटी जायचं नाहीस, कुणाला तरी सोबत घे. आणि फिरायची वेळ मला आधी सांग."

वहिनी दारात उभ्या होत्या. "अहो, जगाच्या फिरायच्या वेळा ठरवता," त्या म्हणाल्या. "आपली कधी? दर खेपेला, बस, हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. मुक्ता शाळेत होती तेव्हापासून ऐकतेय मी."

भाऊ टेबलावरचे नकाशे गोळा करू लागले. मीही माझा चहा संपवला, कारण हे वाक्य आमच्याही घरात येऊन गेलेलं होतं.

मुक्ता एका मैत्रिणीला घेऊन डोंगरात गेली. उपग्रहावर चालणारं एक छोटं यंत्र तिच्याजवळ होतं. त्यावरून निरोप धाडता यायचा, आणि ती कुठे आहे ते भाऊंच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसायचं. शेवटच्या दिवशी दुपारनंतर बर्फ पडणार होता. तिची फिरायची वेळ तिथले सकाळचे दहा, म्हणजे आमचे संध्याकाळचे आठ.

आठ वाजले तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. ठिपका कड्यावर होता, तंबूपासून लांब. तो मागे वळला नाही. थोड्या वेळाने हलला, तोही पुढेच.

"अहो, कळवा ना तिला," वहिनी म्हणाल्या. त्या हरणाचं नाव न काढणाऱ्या वहिनी आता फोनवर वाकून बसल्या होत्या.

भाऊंनी 'फिर' एवढंच टाइप केलं. अंगठा बटणावर नेला. कारखान्यात जन्मभर लोकांवर ओरडलेला हा माणूस, पण तो शब्द त्यांनी पाठवला नाही. "तिचं तिला कळायला हवं," म्हणाले. "मी काय दर डोंगरावर असणार आहे?"

समोरचं वरण गार झालं. ठिपका जागेवर.

मग फोन वाजला. भाऊंनी निरोप मोठ्याने वाचला. "बाबा, टर्निंग बॅक. ही वॉज राइट देअर. बट वुई कुडन्ट हॅव कॅरीड हिम डाउन बिफोर द स्नो. सॉरी आय एम लेट."

हरीण समोर असताना पोरगी फिरली होती. ठिपका तंबूपाशी पोचेपर्यंत आम्ही कुणी उठलो नाही. मग भाऊंनी चष्मा काढला आणि पोटभर रडले. वहिनींनी वरण पुन्हा गरम केलं. जेवता जेवता भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या एचआरला एक मेल लिहायचाय. इंग्रजी तपासून देशील?"

पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी घेतलं नाही. कायमचं गावी, नाशिकला, जायच्या दिवशी त्यांची गाडी मी चालवली आणि विमानतळावर, सवयीने, तोंड बाहेर करून लावली. सामान उतरवताना मला राहवेना. डोळे भरून आले होते, म्हणून थट्टा केली. "काय भाऊ, आधी परतीचं बोला. तिकीट काढलंय का परतीचं?"

त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली आणि खिशातलं तिकीट वर धरून दाखवलं.

"अरे, हेच परतीचं."