नव्या कुलपाची जुनी किल्ली

"कुलूप चोराला अडवत नाही, नुसतं ताटकळत ठेवतं," असं तो एकदा दुकानात बोलून गेला होता. समोरचं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. कुलूपवाल्यानं बोलू नये असं ते वाक्य, पण खोटं नव्हतं. लाथ बसली की आधी चौकट फुटते. फुटक्या दारांना लटकणारी धडधाकट कुलपं त्यानं आयुष्यभर पाहिली होती.

आज तो धाकट्या बहिणीच्या दारापुढे गुडघे टेकून बसला होता. गुडघे कुरकुरत होते.

"देवापुढे कधी एवढा बसला नाहीस, दादा."

"देव मजुरी देत नाही."

ती हसली नाही. तिच्या कमावत्या वयाच्या मुलानं आधी मिक्सर विकला, मग पंखा, मग तिच्या कानातलं. उरलं होतं शिवणयंत्र, आणि त्यावरच तिचं पोट होतं. काल मुलगा ते दाखवायला एक माणूस घेऊन आला. तेव्हा कुठे तिनं भावाला फोन केला: त्याची किल्ली चालता कामा नये.

कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कशी करायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला जे काम येत होतं, ते तो करत राहिला. जुनं कुलूप उचकटलं, पटाशीनं खाच वाढवली, चौकटीत बोटाएवढे स्क्रू पिळले.

"आता हत्ती आण."

तिनं नवी किल्ली दोनदा फिरवून पाहिली. "जुनी नक्की लागणार नाही ना?"

"आत शिरणारसुद्धा नाही."

"आणि मी घरात नसताना आला तर?"

"त्यासाठीच बसवलं ना गं हे?"

"तसं नाही रे. उपाशी असला तर..."

तो हत्यारं पिशवीत भरू लागला. ती बाहेर आली. दाराशेजारच्या मीटरच्या पेटीचं झाकण उघडून तिनं एक नवी किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हापासून त्याची किल्ली तिथंच असायची. आत्ता हात सवयीनं गेला की जाणूनबुजून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"जेवून जा. भाजी गरम करते," म्हणत ती आत वळली.

त्यानं कापडाखाली झाकलेल्या यंत्राकडे पाहिलं. मग पेटीकडे. झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं. ते त्यानं नीट लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरला.