पहिल्या शब्दाचा माणूस

...तर तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायानं त्याच्या खिशातली लवंगांची डबीसुद्धा काढून घेतली, इथवर काल सांगून झालं होतं. शिपाई डबी हलवत म्हणाला, "हे काय?"

"लवंगा."

"कशाला?"

"घशाला."

"गाता का?"

"नाही, कुजबुजतो."

शिपायानं शेजारी उभ्या माझ्याकडे पाहिलं. या माणसाला आत सोडावं की आतच ठेवून घ्यावं, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

काल जे जांभया देत होते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. हा माणूस नाटकातला प्रॉम्प्टर. दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि संध्याकाळी विंगेत स्टुलावर बसून अडलेल्या नटांना वाक्यं पुरवायचा. अशी चाळीस वर्षं काढली. मी त्याच्या शेजारी पडदा ओढायला. दोरी माझ्या हातात, पुस्तक त्याच्या, त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही, दोन हातांवरून पाहिलेलं आहे. त्याला सगळे कुजबुजे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे, पण खरं आडनाव विचारलंय कुणी? जाहिरातीत नटांची नावं यायची, रंगभूषा करणाऱ्याचं यायचं, खुर्च्या पुरवणाऱ्याचेसुद्धा आभार मानलेले असायचे. याचं नाव एकदाही नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, मालकांच्या कानावर घाल ना." तर म्हणाला, "प्रॉम्प्टरचं नाव छापलं, की नट विसरतात हे लोकांना कळतं." झालं, विषय मिटला.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. नट अडला, की लगेच वाक्य फेकायचं नाही. आधी मनात तीन श्वास मोजायचे. मग फक्त पहिला शब्द द्यायचा. तरी गाडी हलली नाही तर दोन शब्द. अगदीच पंचाईत झाली तर सबंध वाक्य. म्हणायचा, "सबंध वाक्य दिलं की नट माझं वाक्य बोलतो. पहिला शब्द दिला की स्वतःचं बोलतो." घरीही तीच सवय. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, "यांच्याशी संसार केला म्हणजे निम्मी वाक्यं मीच पुरी केली. 'चहा' म्हणतात आणि गप्प बसतात. हवाय, नकोय की गार झालाय, ते मी ओळखायचं."

पुढे नटांच्या कानात यंत्रं आली आणि विंगेतलं स्टूल गेलं. कुजबुजे घरी बसला. वहिनींना दोन महिन्यांत नकोसं झालं. तेवढ्यात एक दिवस बाई आल्या. या बाई तुरुंगात मंगळवारी आणि शुक्रवारी कैद्यांना नाटक शिकवत. त्या म्हणाल्या, "काका, माझी माणसं पाठ चोख करतात आणि उभी राहिली की दगड होतात. तुम्ही येता का?" कुजबुजे काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "येतात."

पडद्यासाठी कुजबुजेनं मलाही बरोबर घेतलं. जेवणाच्या शेडमध्ये तालमी चालत. लोखंडी टेबलं जोडून रंगमंच, करड्या ब्लँकेटांना कड्या लावून पडदा. माझी दोरी दर वेळी आत जाताना मोजायचे आणि बाहेर येताना पुन्हा मोजायचे. साडेनऊ हात. एकदा गाठीमुळे चार बोटं कमी भरली, तर आम्हाला अर्धा तास बसवून ठेवलं.

पहिल्याच दिवशी कुजबुजेनं चूक केली, आणि ती चूक प्रॉम्प्टरच करू जाणे. नावाड्याचं काम करणारा कैदी अडला. कुजबुजेनं तीन श्वास मोजले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पहिला शब्द कुजबुजला. त्याबरोबर दोन शिपाई लाठ्या सावरत धावले, आणि टेबलांवरचे सगळे नट खाली बघत रांगेत उभे राहिले. तुरुंगात कुजबूज म्हणजे कट. हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? नाटकातल्या म्हातारीचं काम करणारा एक खिसेकापू होता, मोठा गमत्या. तो म्हणाला, "काका, इथं चोरी परवडली, पण हळू बोलणं नको." मग तुरुंगाच्या साहेबांकडून लेखी परवानगी काढली, की अमुक इसमास तालमीत हळू बोलण्यास हरकत नाही. तो कागद कुजबुजे पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा.

अडणारा तो नावाडी म्हणजे बाहेरचा गवंडी. परांचीवरच्या भांडणात त्यानं एकाला ढकललं आणि तो माणूस पुन्हा उठला नाही. त्याला आत येऊन अकरा वर्षं झाली होती. माणूस उंच, हात फावड्यासारखे, बोलणं मात्र जेमतेम. तो प्रत्येक वाक्याला थांबायचा. पहिला शब्द दिला की पुढचं घडाघडा म्हणायचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एकदा कुजबुजे वैतागून "अरे, जरा हळू" म्हणाला, तर ह्यानं तेही वाक्यात घेतलं. बाईंना वाटलं, पाठांतर कच्चं आहे. कुजबुजे परतताना फाटकापाशी मला म्हणाला, "तो विसरत नाहीये रे. त्याला सगळं येतं."

"मग थांबतो कशाला?"

"परवानगीसाठी. अकरा वर्षं उठ म्हटल्यावर उठलाय, बस म्हटल्यावर बसलाय."

मला आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. छडीचं टोक ज्याच्याकडे वळेल त्यानंच बोलायचं. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा पुढे बाजारातसुद्धा कुणी विचारल्याशिवाय भाव सांगत नसे. पण ते राहू द्या.

प्रयोगाला आठवडा राहिला तेव्हा गवंड्यानं स्वतःहून तोंड उघडलं. प्रत्येक नटाला घरची दोन माणसं बोलवायला मुभा होती. तो म्हणाला, "काका, ताईचं पत्र आलंय. पोरीला घेऊन येते म्हणाली." त्याला पकडलं तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. पुढे ती आत्याकडेच वाढली, आणि बापाला भेटायला एकदाही आली नव्हती.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"ती म्हणते, बघेन आणि निघेन. बोलणार नाही."

कुजबुजेनं खिशात लवंग चाचपली. ती फाटकावर होती.

त्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना समोर बसवून नियम वाचला. नाटकाच्या प्रत्येक पानावर कचेरीचा शिक्का आहे. शिक्क्याबाहेरचा एक शब्द रंगमंचावरून बोलायचा नाही. प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या माणसांशी तर मुळीच नाही. पूर्वी एकानं गाण्यातून निरोप धाडला होता म्हणे. जो नियम मोडेल त्याच्या भेटी तीन महिने बंद. खिसेकापूनं विचारलं, "साहेब, खोकला आला तर?" साहेब म्हणाले, "शिक्का मारून घे."

प्रयोग दुपारी तीनचा. शेडमध्ये घरची माणसं बाकांवर बसलेली, साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर शिक्क्याची प्रत. मी दोरीपाशी, शेजारी कुजबुजे स्टुलावर. ब्लँकेटाच्या फटीतून मी पाहिलं. शेवटच्या बाकाच्या टोकाला एक सतरा वर्षांची मुलगी होती, बॅग मांडीवर घट्ट धरून, बस येताच उठायचं असल्यासारखी बसलेली. शेजारची आत्या रुमालाशी चाळा करत होती.

पहिला अर्धा भाग झकास झाला. खिसेकापूच्या म्हातारीनं लोकांना पोट धरून हसवलं. मग नावाड्याचा मोठा प्रवेश आला. तो बारा वर्षांनी स्वतःच्या दारात येतो, दार वाजवतो आणि म्हणतो, "फार उशीर झाला, पण आलोय." सगळं नाटक त्या एका वाक्यावर तोललेलं होतं. गवंड्यानं टेबलावर टकटक केलं, मान वर केली, आणि नजर शेवटच्या बाकावर गेली.

थांबला.

एक श्वास, दोन श्वास, तीन. कुजबुजेनं पहिला शब्द दिला, "फार." गवंड्याचे ओठ हलले नाहीत. पुन्हा तीन श्वास. "फार उशीर." नाही. लोक चुळबुळ करू लागले. खिसेकापूनं म्हातारीच्या आवाजात "कोण आहे रे बाहेर?" असं दोनदा विचारलं. ते पुस्तकात होतं, पण एकदाच. आता सबंध वाक्य द्यायची पाळी. मी कुजबुजेकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, गवंड्याच्या पाठीकडे बघत राहिला, आणि तोंड मिटलं. मग त्यानं पुस्तक मिटलं. चाळीस वर्षांत पडदा पडायच्या आधी मिटलेलं पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली.

पुस्तक मिटल्याचा आवाज बारीक होता, पण गवंड्यानं तो ऐकला. त्यानं विंगेकडे पाहिलं. कुजबुजे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला, शब्द नाही, खूण नाही. आता सांगणारं कुणीच नव्हतं.

गवंडी प्रेक्षकांकडे वळला. म्हणाला, "त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी न्यायला येणार होतो. तू फाटकापाशी किती वेळ थांबलीस, ते मला अजून कुणी सांगितलं नाही."

साहेबांची मान प्रतीवर झुकली. बोट ओळीवरून फिरू लागलं. ती मुलगी उठली. मला वाटलं, चालली. पण ती जागच्या जागी उभी राहून म्हणाली, "शाळेला कुलूप लावेपर्यंत. मग आत्या आली."

गवंड्यानं मान हलवली, हिशोब नीट समजल्यासारखी. मग तो परत दाराकडे वळला आणि कुणीही न सांगता म्हणाला, "फार उशीर झाला, पण आलोय." खिसेकापूला पुढचं वाक्य आठवेना. त्याला मात्र पहिला शब्द द्यावा लागला.

प्रयोग संपल्यावर अर्धा तास भेटीला होता. मुलगी गेली नाही. बापलेक बाकाच्या दोन टोकांना बसले, मध्ये बॅग. काय बोलले ठाऊक नाही, पण निघताना तिनं आत्याला विचारलेलं मी ऐकलं, "भेटीचा दिवस कुठला असतो?"

आणि तिकडे साहेब नोंदवही घेऊन टेबलाशी उभे. माणूस वाईट नव्हता. पण शंभर जणांसमोर नियम मोडला होता आणि वहीत काहीतरी लिहिणं भाग होतं. गवंड्याचं नाव लिहिलं की तीन महिने भेट बंद. मुलीनं विचारलेला भेटीचा दिवस मग तीन महिने उगवलाच नसता. गवंडी हात बांधून खाली बघत उभा होता. बाईंनी तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला आणि कुजबुजेला जवळ बोलावलं.

"अधिकृत प्रत तुमच्याकडे होती. ही वाक्यं त्यात होती का?"

"नव्हती."

छापखान्यातला माणूस, खोटं अक्षर त्याच्या तोंडून निघायचं नाही.

"नट अडला तर वाक्य देण्याचं काम कुणाचं?"

"माझं."

"तुम्ही दिलंत?"

"दोनदा दिलं. तिसऱ्यांदा द्यायचं होतं. दिलं नाही, पुस्तक मिटलं."

"का?"

"मी वाक्य दिलं असतं तर त्यानं ते म्हटलं असतं."

साहेबांनी नोंदवही उघडली. मग पेनचं टोपण काढून म्हणाले, "काका, कसूर झाली आहे. वहीत कुणाचं तरी नाव लागतं."

कुजबुजे म्हणाला, "मग माझं लिहा साहेब. चाळीस वर्षांत एकाही जाहिरातीत आलं नाही, तुमच्या वहीत तरी येऊ दे."