सात मिलीत किती एकर?

आमच्या चौघांत एअरब्रश हा शब्द कोणी नुसता उच्चारला तरी एकजण हसायला लागतो आणि उरलेले तिघे "थांब, मी सांगतो!" म्हणून भांडायला उठतात. सरळ दुकानात जाऊन वस्तू विकत घेतली असती तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण आम्ही अभ्यास करून घ्यायचं ठरवलं. अभ्यास राहिला बाजूला, किस्सेच साठत गेले!

आम्ही चौघे म्हणजे कोण? मी शहाद्यात नंबरप्लेट आणि रेडियमचं दुकान चालवतो, त्यामुळे सगळे मला पेंटर म्हणतात. डॉक्टर चौधरी दातांचे. गावित सर खांडबाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरी रेल्वेचे छोटे डबे बनवतात. आणि प्रकाशा गावचे जगदीशभाई, केळी आणि कापूसवाले. वय झालं तरी खेळणी बनवतो म्हणून चौघांनाही घरून बोलणी बसतात. या एका गोष्टीवर आमची मैत्री टिकून आहे.

*

हे सगळं सुरू झालं जगदीशभाईंच्या ट्रॅक्टरमुळे.

त्यांनी वर्षभर खपून प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून वीतभर लांबीचा ट्रॅक्टर केला. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, घेतलेला पहिला ट्रॅक्टर जसाच्या तसा. खरा ट्रॅक्टर विकून जमाना झाला. आबांना आता माणसं आठवत नाहीत. पोटच्या पोराला, जगदीशभाईंनाच, ते "तुम्ही कोणत्या गावचे?" म्हणून विचारतात. पण रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारणार, "ट्रॅक्टर कोठे शे?" आणि जगदीशभाई रोज सांगणार, शेतात गेला आहे.

"एक दिवस तरी त्यास्ले दाखाडता उनं पाहिजे, हाऊ देखा तुमना ट्रॅक्टर," जगदीशभाई मला म्हणाले. "त्यास्नी वळखं, का बस."

रंगवून देऊ, मी म्हणालो. पण ओळखायचा तर ट्रॅक्टर शोरूममधला नको, शेतातून आलेला हवा. उन्हानं उडालेला लाल रंग, चाकांवर काळ्या मातीचा चिखल, बॉनेटवर धूळ. माझ्या दुकानातला एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, मोटारसायकलच्या टाक्या रंगवणारा. त्यातून चिखलाचा एक शिंतोडा मारला की मॉडेलवर डबकंच व्हायचं!

म्हणजे नवा एअरब्रश हवा, बारीक नोझलचा. आणि नवा कॉम्प्रेसरही हवा, कारण जुना श्वास लागल्यासारखा थांबून थांबून हवा सोडायचा.

*

बारीक नोझल म्हणजे शून्य पॉइंट दोन मिलिमीटरचं. गावित सर म्हणाले, ऑनलाइन मागवू. जगदीशभाई म्हणाले, कसाले? नोझल आमच्या गल्लीत मिळतं!

त्यांचं आयुष्य फवारणीत गेलेलं. थेट कृषी केंद्रात जाऊन उभे राहिले.

दुकानदारानं विचारलं, "कोनती फवारणी शे? बोंडअळी का मावा?"

"किडा नही रे भो, ट्रॅक्टरले रंग मारना शे."

"ट्रॅक्टरले? मंग टाकी कितली मोठी शे?"

"सात मिली."

दुकानदारानं कानावरचा पेन काढून काउंटरवर ठेवला. मग अगदी काळजीनं विचारलं, "पाटील, सात मिलीमा कितला एकर व्हई?"

*

मग ऑनलाइनचं काम गावित सरांकडे गेलं. सरांनी दोनशे पानी वही केली. एका पानावर रंगाचा कप वर असलेला एअरब्रश, समोरच्या पानावर बाटली खाली लटकणारा. दोघांचे गुणदोष, आकृत्यांसह, स्केलपट्टीनं अधोरेखित. शेवटी निकाल लागला की कप वरच हवा, कारण रंग आपोआप खाली उतरतो आणि हवेचा दाब कमी ठेवला तरी चालतं.

ही वही एकदा स्टाफरूममध्ये उघडी राहिली. हेडमास्तरांनी वाचली. म्हणाले, "गावित सर, हे यंत्र गुरुत्वाकर्षणावर चालतं?"

"हो सर. ग्रॅव्हिटी फीड."

"मग आपल्या शाळेसाठी एक मोठं बघा ना. लाइट गेल्यावर पंखे बंद पडतात!"

*

कॉम्प्रेसरसाठी मी आमच्या फ्रिजवाल्या रशीदभाईंना गाठलं. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून लावला तर आवाज जवळजवळ होत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं. रशीदभाईंनी दोन दिवसांत बसवून दिला. खरंच आवाज नाही! चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागायचं.

पण रंग मारला की त्यात गोल गोल डोळे पडायला लागले. हवेबरोबर फ्रिजचं तेल येत होतं. जगदीशभाईंनी महिनाभर घासून गुळगुळीत केलेलं बॉनेट देवी आल्यासारखं दिसायला लागलं. माझा पारा चढला. तसाच त्यांच्या दुकानात गेलो.

"रशीदभाई, हवेतून तेल येतंय!"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "बरंच शे ना मंग! गंज लागत नही!"

"अहो, ट्रॅक्टर प्लास्टिकचा आहे!"

"मंग तर अजिबात लागत नही!"

*

बॉनेट पुन्हा घासलं. आणि तेव्हा डॉक्टर चौधरींना आठवलं की दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर बिनतेलाचा असतो! हवेची टाकी आहे, पाणी अडवायला फिल्टर आहे, आवाजही बेताचा. एवढे दिवस हा माणूस आमच्याबरोबर बसून कॉम्प्रेसरवर चर्चा करत होता आणि याच्या दवाखान्यात तो रोज आठ तास चालत होता! "माझ्या डोक्यात तो दातांचाच होता हो," एवढंच म्हणाला.

रविवारी दवाखाना बंद. आम्ही तिथेच बसलो. उजेड सगळ्यात चांगला पेशंटच्या खुर्चीवर, म्हणून ट्रॅक्टर खुर्चीत झोपवला. वरचा दिवा लावला. डॉक्टरांनी सवयीनं मास्क लावला, ग्लोव्हज घातले आणि माझ्या जुन्या एअरब्रशनं लाल रंगाचा पहिला हात मारला. ग्लोव्हज लाल, एप्रन लाल, बाजूच्या थुंकायच्या भांड्यात धुतलेला रंग लालभडक.

दार नुसतं लोटलेलं होतं. गालाला फडकं बांधलेला एक गृहस्थ आत आला. दाढ ठणकत होती म्हणून रविवार असूनही आलेला. त्यानं डॉक्टर पाहिले, भांडं पाहिलं, डॉक्टरांच्या हातातली टोकदार वस्तू पाहिली. आणि उलटा सरकत दारापर्यंत गेला.

"अहो या, बसा!" डॉक्टर म्हणाले.

"नही नही डॉक्टरसाहेब, तुमनं चालू द्या. मन्ही दाढ आते दुखत नही!"

पुढे कळलं की त्यानं दाढ नंदुरबारला जाऊन काढली.

*

नवा एअरब्रश आला. डबल अॅक्शन. म्हणजे बोटानं खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. गावित सरांनी आम्हा तिघांना वर्गात शिकवतात तसं शिकवलं. डॉक्टरांना लगेच जमलं. मला थोडं उशिरा जमलं.

जगदीशभाईंचं मात्र भलतंच. उजव्या हातात एअरब्रश धरला की त्यांचा डावा हात आपोआप वर-खाली व्हायला लागायचा! पाठीवरच्या पंपानं चाळीस वर्षं फवारणी केलेली. उजव्या हातात नळी, डाव्या हातानं दांडा मारायचा. आता दांडा नाही, पंप नाही, पण हात काही थांबेना. त्या हिसक्यानं उजवा हातही हलायचा आणि रंग ट्रॅक्टर सोडून माझ्या शर्टावर.

"डावा हात खिशात घाला," सर म्हणाले.

जगदीशभाईंनी घातला. आता एअरब्रशच बंद!

"काय झालं?"

"सर, हात थांबाडा का बोट बी थांबस!"

तेव्हा आमच्या खरेदीच्या यादीत नसलेली एक वस्तू घ्यावी लागली. मॉडेल ठेवायची फिरती चकती. डाव्या हातानं ती फिरवायची. हाताला काम मिळालं आणि ट्रॅक्टरवर असा एकसारखा लाल रंग बसला की तसा आम्हा तिघांपैकी कुणालाही जमला नसता.

*

चिखल मारायचं काम माझ्याकडे आलं. नोझलमध्ये बसणारी शून्य पॉइंट दोनची सुई साफ करायला घरी नेली. केसासारखी बारीक, टोकाला जरा धक्का लागला तरी वाकणारी. कापसात गुंडाळून, डबीत घालून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सौ. ओट्यावर पाय पसरून बसली आहे आणि माझ्या सुईनं टाचेतला बाभळीचा काटा काढते आहे! सुईचं टोक गळासारखं वाकलेलं. "अगं, माझी सुई!" मी ओरडलो.

उलट तीच माझ्यावर डाफरली. "इतली भारी सुई घरमा शे, आनि मले सांगं बी नही?"

नवी सुई येईपर्यंत दहा दिवस गेले. मधल्या काळात तिनं शेजारच्या दोघींचे काटे काढले. सुई वाकडी झाल्यापासून जास्त चांगली चालते म्हणे!

*

नवी सुई आली आणि मी बसलो. जगदीशभाईंनी कागदाच्या पुडीत शेतातली माती आणून दिली होती, रंग जुळवायला. पाण्यात कालवायच्या रंगातून मी तिचा काळा रंग तयार केला. तीन आठवडे रोज दुपारी दुकान बंद ठेवून डॉक्टरांच्या दवाखान्यात चिखल मारला. चाकांच्या खाचांत ओला, मडगार्डवर वाळलेला, बॉनेटवर नुसती धूळ. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण तसा चिखल मी पुन्हा मारू शकणार नाही. फक्त वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात राहिला होता. तो बसला की रंग पक्का.

तेवढ्यात जगदीशभाईंचा फोन. "पेंटर, आज आबास्ले बरं शे. दोन घास जेवनात बी. आजच लई ये."

"क्लिअर राहिलाय, जगदीशभाई. हात लागला तरी चिखल निघेल."

"क्लिअर नंतर मारजो. आबा उद्या कसा ऱ्हातीन कोनले माहीत?"

मी ट्रॅक्टर खोक्यात घातला आणि स्कूटरवरून प्रकाशाला गेलो. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. मी खोकं उघडून ट्रॅक्टर त्यांच्यासमोर पाटावर ठेवला. जगदीशभाई खांबाला धरून उभे. त्यांचा डावा हात हळूहळू वर-खाली होत होता.

आबांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. वाकले. चाकापाशी बोट नेलं. मग मान वर केली, आणि जगदीशभाईंकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहिलं.

"भिका!"

भिका म्हणजे त्यांचा तेव्हाचा ड्रायव्हर, जगदीशभाई माझ्या कानाशी कुजबुजले.

"भिका, असा उभा करस का रे मन्हा ट्रॅक्टर? चिखल दिखत नही का तुले?"

मी जगदीशभाईंकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते आणि हसतही होते.

"उभा काय ऱ्हायना? धुई काढ!"

जगदीशभाई आत गेले आणि बादली आणि फडकं घेऊन आले. दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

मी बसलो. आधी बॉनेटवरची धूळ गेली, मग मडगार्ड. तीन आठवडे बादलीत उतरताना दिसत होते. आबा वरून बोट दाखवत होते, "मांगलं चाक ऱ्हायनं. खाचमा देख. हां." लाल रंग पक्का होता, तो तेवढा राहिला. ट्रॅक्टर शोरूममधून आल्यासारखा चकाकायला लागला.

आबांनी तो नीट न्याहाळला. समाधान झालं. मग माझ्यापुढे हात पसरला.

"चावी दे. आनि सकाय लवकर येजो."

मी खिशातून स्कूटरची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून दोनदा थोपटली.

शहाद्याला मी एसटीनं आलो.